मीठ हातावर देऊ नका

समुद्राकाठच्या खारनगरात मीठ कसं, हिऱ्यांच्या चुऱ्यासारखं चमचमायचं. पण खाऱ्या जमिनीत भात कुठला पिकायला? तांदूळ यायचा साळनगराहून, होड्या भरभरून. गेल्या वर्षी तिथले मंत्री पाहुणे म्हणून आले, रागावून परत गेले आणि होड्या थांबल्या. का रागावले, कुणालाच कळलं नाही. चिमुकल्या गोमूचा तान्हा भाऊ पेजेवाचून इवलासा झाला होता. आई सारखी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची.

आज ते मंत्री पुन्हा येणार होते. शेवटचं एकदा.

तोरणासाठी गोमू राजाच्या बागेत फुलं वेचत होती. पिवळ्याधमक शेवंतीखाली तिला बोटाएवढी परी दिसली, पंख चिखलात रुतलेले. गोमूनं ओंजळीनं पाणी घालून एकेक निळाजांभळा पंख हळूच धुतला.

"पोरी, एक इच्छा माग," परी म्हणाली. "वस्तू माग, नाहीतर उत्तर माग. पण उत्तर मागितलंस, तर ते तुझ्याच तोंडानं सांगावं लागेल हं. मी मदतीला येणार नाही."

'तांदळाचं पोतं' असं गोमूच्या अगदी ओठांवर आलं. पण गल्लीतल्या साऱ्याच चुली गार होत्या. ती रडवेली होऊन म्हणाली, "पाहुणे का गं रागावले?"

"तुम्ही मानाच्या पाहुण्याला तळहातावर मीठ देता. त्यांच्याकडे हातावर मीठ दिलं, म्हणजे भांडण मागितलं."

गोमू धावत वाड्यात गेली. म्हातारे दिवाणजी मिठाची चांदीची वाटी पुसत होते.

"आजोबा, मीठ हातावर देऊ नका! त्यांच्याकडे त्याचा अर्थ भांडण होतो!"

"ऐका! दुधाचे दात पडले नाहीत, आणि निघाली कारभार शिकवायला," पहारेकरी हसला.

"सात पिढ्यांची रीत आहे ही, बाळ," दिवाणजी म्हणाले.

गोमू वाटीसमोर जाऊन उभी राहिली. "रीत आपली आहे, आजोबा. पण हात त्यांचा आहे ना?"

दिवाणजींचा हात वाटीवरच थांबला. गेल्या वर्षी पाहुण्यांनी तळहात कसा झटकला होता, ते त्यांना आठवलं.

पाहुणे आले. दिवाणजींनी केळीच्या पानावर मीठ ठेवून पान पाटावर मांडलं आणि हात जोडले. पाहुण्यांनी आधी पानाकडे, मग दिवाणजींच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच चिमूटभर उचललं.

"गेल्या वेळी वाटलं, तुम्हांला भांडायचंय."

"चुकलं आमचं," दिवाणजी म्हणाले. "या पोरीनं सांगितलं."

पाहुणे गोमूपुढे वाकले. "तुझ्या गल्लीत पहिली होडी रिकामी करू, बाई."

तिसऱ्या दिवशी बाळानं वाटीभर पेज संपवली आणि आणखी हवी म्हणून टाहो फोडला. आई किती दिवसांनी हसली! गोमू बागेत पळाली.

"परी, मी पोतंच मागितलं असतं तर?"

"दिलं असतं गं, राजा. भुकेल्या बाळासाठी मागणं काही वाईट नसतं."

एवढं बोलून तिनं पंख उघडले. शेवंतीवर सोनेरी उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.