ठिपकू आणि रेवूची बस

एक होता ठिपकू. लाल लाल किडा. तिळाएवढा. राहायचा कुठे? रेवूच्या आईच्या मोबाइलमध्ये!

रेवूची शाळेची बस निघाली, की ठिपकू नकाशावर निघायचा. बस थांबली, की ठिपकू थांबायचा. आई बघायची आणि म्हणायची, "आली हं माझी रेवू!"

एक दिवस काय झालं? आई कणीक मळत होती. मोबाइल मिटला. आत काळोख! ठिपकूची जागाच हरवली. बस कुठे? रेवू कुठे?

बाहेर आई म्हणाली, "अगं बाई! केवढा उशीर! बस कुठे राहिली?" तिने अंगठा टेकवला. मोबाइल उघडेना.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकू गेला नकाशाकाकांकडे.

"नकाशाकाका, नकाशाकाका! रेवूची बस दिसेना. दाखवा ना!"

"पेटी सांगेल, तर दाखवीन. मनाचं नाही दाखवायचं, बाबा."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकू गेला पेटीताईकडे. तिच्या पोटात सगळ्या बसच्या जागा.

"पेटीताई, पेटीताई! नकाशा दाखवेना, रेवूची बस दिसेना. सांग ना!"

"कुलूप उघडेल, तर सांगेन. कुणालाही नाही सांगायचं, बाबा."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकू गेला कुलूपदादाकडे.

"कुलूपदादा, कुलूपदादा! पेटी सांगेना, नकाशा दाखवेना, रेवूची बस दिसेना. उघड ना!"

"दारवान हो म्हणेल, तर उघडेन. गुपचूप नाही उघडायचं, बाबा."

इतक्यात मागून आवाज आला. सर्रर्र... सर्रर्र... काळी काळी सावली, दुसऱ्यांची गुपितं चोरणारी! तोंड नाही, नाक नाही. नुसते डोळे!

"ठिपकूऽऽ... रेवू कुठे उतरते रे? हळूच सांग. मी दाखवते तुला बस."

ठिपकू मागे सरकला. रडूच फुटलं बिचाऱ्याला. तरी म्हणाला, "नाही सांगणार! रेवूचं रेवूच्या आईलाच!"

आणि पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु. थेट दारवानमामांकडे.

"दारवानमामा, दारवानमामा! कुलूप उघडेना, पेटी सांगेना, नकाशा दाखवेना, रेवूची बस दिसेना. हो म्हणा ना!"

मामांनी मिशा फुरफुरवल्या. "आईचा अंगठा दिसेल, तर हो म्हणेन. मघाशी आला होता एक. नुसती कणीक! तो आईचा कशावरून?"

सर्रर्र... सर्रर्र... सावली आलीच!

ठिपकू काचेपाशी धावला. पलीकडे आई. तिच्या हाताला कणीक, डोळ्यांत पाणी. "कुठे असेल गं माझं लेकरू?"

"आई, आई! दारवान हो म्हणेना, कुलूप उघडेना, पेटी सांगेना, नकाशा दाखवेना, रेवूची बस दिसेना. हात धू ना!"

पण काचेतून आवाज जाईना. सावलीचं गार गार बोट ठिपकूच्या पाठीला लागलं. बाप रे!

ठिपकूने डोळे गच्च मिटले. काचेवर डोकं आपटलं. घुर्रर्र! घुर्रर्र! अख्खा मोबाइल थरथरला. ओट्यावरून घसरला. आईने झटकन पकडला. काचेवर कणीकच कणीक!

"अगं बाई! असा कसा ओळखेल तो माझा अंगठा? वेंधळी कुठली मी!"

खळखळ पाणी. आईने हात धुतला, पुसला, अंगठा टेकवला.

दारवान हो म्हणाला. कुलूप उघडलं, खट्ट! पेटीने सांगितलं. नकाशाने दाखवलं. लख्ख उजेड पडला. सावली पळाली, सर्रर्र! ठिपकू टुणकन आपल्या जागेवर बसला.

आणि रेवूची बस दिसली! कुठे? गल्लीच्या तोंडाशीच की!

आई धावली. पायात चप्पलसुद्धा नाही. बस थांबली. रेवू उतरली.

"आई, चाक फुस्स झालं. मला वाटलं, तू येणारच नाहीस."

"आले ना गं, राणी. ही बघ, आले." आईने तिला घट्ट घट्ट धरलं.

रेवू आली घरी, भीती राहिली दारी.