खाडीपलीकडची कडी

“पण आक्का, मशीन चालू आहे, लाइनही ठीक आहे. मग ते मला उत्तर का देत नाही?”

“तू काय सांगितलंस त्याला?”

“अनोळखी कोणालाही आत घेऊ नकोस, असं.”

“मग गुणी आहे ते,” आक्का म्हणाल्या आणि पुन्हा भिजवलेले वाल सोलू लागल्या.

विश्वंभर आश्रमातल्या खोलीत बसून खाडीपलीकडच्या दवाखान्यांचे संगणक सांभाळी. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की पलीकडचं मशीन हुकूम पाळी. हे त्याला आक्कांनीच शिकवलं होतं. पण हल्ली तो आल्यागेल्याला सांगे, “मला कुठे जावं लागत नाही. मी इथे बसून सगळीकडे असतो.”

त्या दुपारी त्याने बेलवाडीच्या दवाखान्यातल्या मशीनला आतून कडी घातली. चोरांनी शिरू नये म्हणून बाहेरून येणाऱ्या सगळ्या वाटा बंद. हुकूम तत्काळ पाळला गेला, आणि सगळ्यात आधी बाहेर राहिला तो विश्वंभरच.

त्याच्यापाठोपाठ बाहेर राहिले शहरातले डॉक्टर. ते त्याच मशीनवरून पेशंट तपासत. आज बेलवाडीच्या दवाखान्यात आलेल्या गोपिकाबाईंना तपासणार होते. बाईंना सकाळपासून धाप लागली होती.

विश्वंभर उठला. बसला. तीच ओळ पुन्हा टाइप केली.

पडदा तसाच...

“नर्सबाईंना म्हणावं, मशीन बंद करून चालू करा.”

“केलं त्यांनी. तरी कडी निघत नाही. मी पक्की घातलीय ना!”

“वा! काम चोख.”

“थट्टा नका करू, आक्का! डॉक्टर पाचला काम संपवून निघून जातील. बाईंना श्वास पुरत नाहीये तिकडे.”

“मग इथे काय टाइप करतोस? होडी लागलीय धक्क्याला.”

तो खोलीतल्या खोलीत दोनदा फिरला. पिशवी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. एका पायात चप्पल, दुसरी सापडेना.

“जातो!” तो ओरडला.

आक्कांनी दारात हात आडवा धरला.

“काय म्हणालास?”

“आक्का, होडी सुटेल!”

“काय म्हणालास?”

“...येतो.”

हात बाजूला झाला.

दिवेलागणीला तो परत आला. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल.

“गोपिकाबाई?”

“डॉक्टरांनी पाहिलं. शहरात हलवायला गाडीही आली. अजून थोडा उशीर झाला असता, तर...” त्याने वाक्य सोडून दिलं.

“काही म्हणाल्या का?”

“माझ्याकडे बघून हसल्या. तेवढ्या धापेतही. म्हणाल्या, ‘रोज येतोस म्हणे इथे. मग आजच कसा रे दिसलास?’”

आक्कांनी त्याच्या चिखलाच्या पायांकडे बोट दाखवलं.

विश्वंभर पाय न धुताच पडद्यासमोर बसला. मग उठला, पाय धुऊन आला, पुन्हा बसला.

“कडी काढून आलोय. उघडं ठेवून चालणार नाही, पुन्हा घालायला हवी.”

“घाल की.”

बोटं कळांवर गेली... आणि तिथेच थांबली. त्याने दाराकडे पाहिलं, जिथे दुपारी आक्कांचा हात आडवा होता.

“आक्का... मशीनलाही ‘येतो’ म्हणून ठेवता येईल.”

“कसं?”

“कडी घालण्याआधीच सांगून ठेवायचं. मी ठरल्या वेळात परत येऊन दार वाजवलं, तर कडी राहू दे. नाही आलो, तर माझी वाट बघू नकोस. तूच काढ.”

आक्कांनी वालाची सालं ओंजळीने सुपात भरली.

तो टाइप करू लागला. अर्ध्या ओळीत पुन्हा अडला. पाय हलवत राहिला.

“किती वेळ थांबायला सांगू त्याला?”

आक्का सूप घेऊन उठल्या. “गोपिकाबाईंना किती वेळ थांबता आलं असतं?”