वेशीवरची मैना आणि लाल टाका

रस्त्यांना अजून नावं नव्हती, पण राजाच्या प्रत्येक हत्तीला मात्र नाव होतं, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरकून बसावं. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण कान पुढे ठेवावेत, कारण गोष्ट त्यांच्याच जास्त कामाची आहे.

घाट उतरला की पायथ्याशी निंबपेठ नावाची बाजारपेठ लागे. तिथले दुकानदार भारी ओरडणारे. एकदा राजाची स्वारी पेठेतून चालली असताना असा काही गलका झाला की चंद्रकळा नावाची हत्तीण बिथरली आणि हलवायाच्या परातीत पाय देऊन उभी राहिली. राजा वाचला, जिलेब्या वाचल्या नाहीत. त्याच दिवशी फर्मान निघालं. पेठेत कुणी ओरडायचं नाही आणि दुकानावर पाटीही लावायची नाही.

"मग महाराज, आलेल्या माणसाला कळावं कसं, काय कुठे मिळतं ते?" दुकानदारांनी हात जोडून विचारलं.

"वेशीवर मैना आहे ना," राजा म्हणाला, "ती सांगेल."

वेशीवरच्या कडुलिंबाच्या झाडावर खरोखरच एक बोलकी मैना राहत होती. वाटसरू यायचा, आपल्याला काय हवं ते बोलायचा, आणि मैना त्याला दुकान सांगायची. 'तूप' म्हटलं की एक दुकान, 'दोरखंड' म्हटलं की दुसरं. ज्या शब्दावर आपलं दुकान सांगायला हवं, त्या शब्दासाठी दुकानदाराने झाडाखाली फळांची टोपली ठेवायची. एकाच शब्दावर दोघांनी टोपल्या ठेवल्या, तर ज्याचं फळ गोड त्याचं नाव. आणि एक माणूस पाठवला की मैना एक फळ घ्यायची. तिचा गोतावळा मोठा होता. फळ फुटलं की झाडभर मैना उतरत आणि क्षणात बिया तेवढ्या उरत.

"माणूस पाठवणं माझं काम," ती सांगायची, "त्याला माल विकणं तुमचं. त्याने काही घेतलं नाही, तर माझं फळ परत मागायला येऊ नका."

या पेठेत सटवाजी नावाचा वहाणा करणारा कारागीर आपली बायको कोंडाबाई हिच्यासोबत घाटावरून राहायला आला. पेठेने चिंचेखालचा एक ओटा, मागच्या खोली-परसासकट, त्यांना दिला, पण रिवाजाप्रमाणे एकाच वर्षासाठी. दिवाळीच्या पाडव्याला पेठेचे शेटे, म्हणजे सगळ्या व्यापाऱ्यांचे प्रमुख, भर सभेत विचारणार, "यांच्या हातचं काम कोण वापरतं?" पाच माणसांची साक्ष मिळाली तर ओटा कायमचा. नाही मिळाली, तर चंबूगबाळं आवरून आल्या वाटेने परत.

परत म्हणजे सटवाजीच्या भावाच्या पडवीत. कोंडाबाईने त्या पडवीत आठ वर्षं दुसऱ्याच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या होत्या. इथे तिला पहिल्यांदा स्वतःची चूल मिळाली होती आणि परसात एक सीताफळाचं झाड मिळालं होतं. तिला तो ओटा फार आवडायचा. तो सोडायचा विचार आला तरी तिला घास गिळवत नसे.

पावसाळाभर घाट बंदच होता. गणपती झाले, वाट सुरू झाली, आणि परसातलं झाड सीताफळांनी लगडलं. मोजून चाळीस फळं. मैनेला द्यायला त्यांच्याकडे तेवढाच ऐवज होता.

सटवाजीच्या हातात मोठी कला होती. त्याने शिवलेली वहाण बापाने घातली तर मुलाला पुरायची. पण कारागीर असला की थोडा ताठा असतोच. आपल्या वहाणेला नुसतं वहाण म्हणणं त्याला कमीपणाचं वाटे. तीन दिवस विचार करून त्याने तिचं नाव ठेवलं 'चरणसुखदा'. दहा सीताफळं घेऊन तो मैनेकडे गेला.

"कुणी 'चरणसुखदा' विचारली की चिंचेखालचा ओटा सांग."

"सांगीन की," मैना म्हणाली. "विचारली तर."

आठ दिवस झाले. शेकडो माणसं वेशीतून आली. चरणसुखदा कुणीच विचारली नाही. विचारणार कोण? ते नाव जगात फक्त सटवाजीला आणि मैनेला माहीत होतं. दहाही सीताफळं टोपलीत काळी पडली, आणि त्यांच्यावर चिलटं मात्र सुखाने नांदली.

"आता सरळ 'वहाण' याच शब्दावर फळं ठेवतो," सटवाजी इरेला पेटून म्हणाला.

त्या शब्दावर आजवर लिंगप्पाशेटची टोपली असायची. लिंगप्पाशेट म्हणजे पेठेतला वहाणांचा सगळ्यात मोठा व्यापारी. पोट मोठं, पेढी मोठी आणि केळीची बागही मोठी. पण केळ्यापुढे पिकलं सीताफळ केव्हाही गोड. सकाळी सटवाजीने वीस फळं ठेवली आणि मैनेने 'वहाण' त्याच्या नावावर केली.

मग काय विचारता! दुपारपर्यंत चिंचेखाली वीस माणसं येऊन गेली. एकाला लग्नासाठी जरीची वहाण हवी होती. एकाला देवापुढे ठेवायला चांदीची हवी होती. तिघींना बाहुलीच्या पायाएवढी हवी होती. एकजण तर ओट्यावर येऊन काकुळतीला आला, "काल देवळाबाहेर माझी वहाण हरवली हो, तुम्ही पाहिलीत का?" जो तो आला, बघून गेला. टोपलीतली वीसच्या वीस फळं मात्र मैनेच्या गोतावळ्याने फस्त केली. विकली गेली नाही एकही वहाण.

घरी येऊन सटवाजी डोक्याला हात लावून बसला. "कोंडे, धा फळं ऱ्हायली. बांध गाठोडं."

"गाठोडं बांधायला पाडव्यापतूर वेळ हाय," कोंडाबाई म्हणाली. "मला चामड्याच्या दहाबारा वाद्या द्या बगू. वेशीवर जाऊन बसते जरा."

"आन् तिथं काय करणार?"

"आइकनार. तुमी आजवर नुसतं मैनेला सांगतच आलाया. वाटंनं येनारा मानूस काय बोलतो, ते कुनी आइकलंय का?"

दुसऱ्या दिवसापासून कोंडाबाई वाद्या मांडीवर घेऊन लिंबाखाली बसू लागली. पाच दिवस बसली. येणाऱ्याच्या तोंडून पायाबद्दल जे पहिलं वाक्य निघे, त्या वाक्यासाठी ती एक वादी राखून ठेवायची. तेच वाक्य पुन्हा कानावर पडलं की त्या वादीला एक गाठ. घाट उतरून आलेला माणूस दगडावर टेकतो, पाय उचलून बघतो आणि मग जे बोलतो ते अगदी आतून येतं. 'काय गं बाई टाच!' असं म्हणणाऱ्या होत्या, 'खडे टोचून टोचून जीव गेला' असं म्हणणारे होते. पण एक वादी अशी होती की तिच्यावर गाठ मारायला जागाच उरली नाही.

ती वादी होती 'अंगठा तुटला' या बोलण्याची. आता माणसाचा अंगठा नव्हे, लहान मुलांनी घाबरू नये. वहाणेत पायाचा अंगठा अडकवायला चामड्याचं कडं असतं, त्याला अंगठाच म्हणतात. घाटाच्या उतारावर सगळा भार त्याच्यावर येतो आणि बरोबर वेशीपाशी येऊन तो तुटतो.

"मैनाबाई," कोंडाबाईने वर बघून विचारलं, "अंगठा तुटला म्हननाऱ्याला तू काय सांगतीस गं?"

"काय सांगणार? 'बघ बाबा' म्हणते," मैना म्हणाली. "त्या शब्दावर आजवर कुणी टोपलीच ठेवली नाही. सगळे भांडतात ते 'वहाण' या शब्दासाठी. तू नदीकाठची उंबरं आणलीस तरी मला पुष्कळ."

उंबरं! ती तर फुकटची. कोंडाबाई हसतच घरी आली आणि तिने सगळ्या वाद्या नवऱ्यापुढे टाकल्या. गाठींनी फुगलेली वादी त्याच्या हातात दिली. मग एक वादी काढली, गुळगुळीत, एकही गाठ नसलेली.

"ही कुठली?" त्याने विचारलं.

"चरनसुखदा," ती म्हणाली.

सटवाजी ओशाळला, पण ताठा इतक्यात कुठला जायला! "म्हंजी मी आता दुसऱ्यानं केलेल्या फाटक्या वहाना सांधत बसू? मी कारागीर हाय, ठिगळं लावनारा न्हाई."

आता मात्र कोंडाबाईचे डोळे भरून आले. "धनी, अनवानी मानूस वेशीत हुबा हाय. त्याला तुमचं नाव नगं, त्याला दोन टाकं हवं हाईत. ते तुमच्या हातात असून तुमी देत न्हाई, मंग कला काय भावाच्या पडवीत टांगायची?"

सटवाजीने चामडं टोचायची आरी उचलली आणि दगडावर घासून तिला धार लावली.

दुसऱ्या दिवशी वेशीवर उंबरांची टोपली गेली. कोंडाबाईने मैनेला नीट बजावलं. "अंगठा तुटला, टाच दुखती, खडे टोचत्यात, असं म्हननारा आमचा. जरीची मागनारा लिंगप्पाशेटचा. आन् 'हरवली' म्हननाऱ्याला काही झालं तरी आमच्याकडं पाठवू नगंस."

"त्याला देवळात पाठवते," मैना म्हणाली.

दिवस पालटले. 'अंगठा तुटला' असं कुणी कण्हलं की मैना वरून ओरडायची, "चिंचेखाली जा, चिंचेखाली!" माणूस लंगडत यायचा आणि ताठ चालत जायचा. सटवाजी अंगठा असा सांधायचा की उरलेली वहाण आधी झिजावी. शेवटचा एक टाका तो लाल दोऱ्याने घालायचा. ही युक्ती कोंडाबाईची. सांधून झालेल्या आणि सांधायच्या वहाणा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून. टाचा दुखणाऱ्यांसाठी त्याने जाड तळाची वहाण केली, आणि वहाण सांधून घ्यायला आलेले लोक जाताना तीही घेऊन जाऊ लागले.

बघता बघता पाडवा आला. पेठेची सभा वेशीजवळच्या देवळात भरली. सगळे नवे अंगरखे घालून, नवी लुगडी नेसून आले. वहाणा अर्थातच दाराबाहेर काढल्या. शेटे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "सटवाजींच्या हातचं काम कोण वापरतं?"

पाणक्या उभा राहिला. भाजीची पाटी वाहणारी म्हातारी उभी राहिली.

मग कुणीच नाही.

वाटसरू तर आपापल्या गावी गेले होते. पण पेठेतल्या कितीतरी लोकांच्या वहाणा सटवाजीने सांधल्या होत्या, आणि तेच आता खाली मान घालून बसले होते. सणाच्या दिवशी, नव्या कपड्यांत, चारचौघांत 'माझी वहाण सांधलेली आहे' असं कोण म्हणणार? दुकानदार दुकानदाराकडे बघत होता आणि लिंगप्पाशेट छताकडे.

"दोनच," शेटे हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "रिवाज पाचांचा आहे, सटवाजी."

तेवढ्यात कोंडाबाई पदर खोचून उठली. "शेटे, मानूस सभेत बसला की लाजतो. पाय दुखला की खरं बोलतो. मानसांस्नी इचारू नगा. जरा दाराबाहेर चला."

शेटे बाहेर आले. मागोमाग सारी सभा आली. देवळाच्या पायऱ्यांशी वहाणांचा हा मोठा ढीग पडला होता. शेट्यांनी वाकून एक वहाण उचलली. अंगठ्यापाशी लाल टाका. दुसरी उचलली. लाल टाका. तिसरी साधी निघाली, चौथीवर पुन्हा लाल टाका. लोक आधी खाकरले, मग हसू लागले, मग आपणच आपापल्या वहाणा शोधून पुढे धरू लागले. "ही घ्या, ही माझी!" "अहो, माझ्या तर दोन्ही!" सत्तावीस जोड निघाले.

सत्ताविसावा जोड जरीचा होता. भरजरी, मखमली, आणि अंगठ्यापाशी लाल टाका.

"हा कुणाचा?" शेट्यांनी विचारलं.

लिंबाच्या शेंड्यावरून मैना बोलली, "मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. त्याने डोक्यावरून उपरणं घेऊन विचारलं होतं."

लिंगप्पाशेट आधी लाल झाला. मग त्याचं मोठं पोट हलायला लागलं आणि तो खदखदून हसला. "माझाच आहे! अहो, वहाणा विकत असलो म्हणून काय झालं, मलाही चालावं लागतं ना!"

अवघी पेठ हसली. हसता हसताच शेट्यांनी ओटा सटवाजीला कायमचा दिला. कोंडाबाई मात्र रडत होती आणि कुणी विचारलं तर 'डोळ्यांत धूळ गेली' म्हणत होती.

परसातली दहा सीताफळं आता पिकून फुटायच्या बेतात होती. ती सगळी टोपलीसकट तिने लिंबाखाली नेऊन ठेवली.

"कुठल्या शब्दावर?" मैनेने विचारलं.

"कुठल्याच न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर गंमत दिसली. लिंगप्पाशेट, तूपवाला, दोरखंडवाला, सगळे लिंबाखाली ओळीने बसले होते. तोंडं बंद, कान उघडे, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक वादी.

तात्पर्य : आपल्या मालाचं नाव जगाला ऐकवण्याआधी, गरजवंत आपली गरज कोणत्या शब्दांत सांगतो ते ऐकावं.