चार बिऱ्हाडांचं एकमत

सोलापुरातले सुपारीचे व्यापारी गुरुपादशेठ एका चार बिऱ्हाडांच्या घरावर भाळले. विकायचा शब्द दिल्यावर मालक सरदेशमुखांना घर सोडवेना. मिशीला पीळ देत ते म्हणाले, "शेठ, या चौघा भाडेकरूंचं एका तरी गोष्टीवर एकमत करून दाखवा, घर तुमचं!"

तेलुगू नरसय्या, कानडी बसव्वा, रहिमतबी आणि मोरे मास्तर. गच्चीवर आधी कुणाचे पापड वाळायचे, यावरून चौघांनी दिवाळी पोलीस चौकीत काढलेली.

शेठनी चौघांना अंगणात बोलावून एवढंच विचारलं, "मालक बदलावा काय हो?"

"बदला!" चौघं एका सुरात ओरडले. मोरे मास्तरांनी तर दोन्ही हात वर केले.

सरदेशमुख चाटच पडले. "ही किमया केलीत कशी?"

"किमया तुमचीच, साहेब. इतकी वर्षं खपून तुम्ही केलीत. मी नुसतं विचारलं. किल्ल्या द्या आता!"