चिमणबुवांनी भरवलेला घास

"खरं बोलणं पाप आहे का, बुवा?"

चपला काढायच्या आधीच शार्दूलने विचारलं. बाणगंगेकाठच्या मठात, ओसरीवर, चिमणबुवा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाबद्दल बोललास?"

"पिझ्झ्याबद्दल."

बुवांनी आणखी एक शेंग सोलली.

"मंग बोल की. त्यो काय रडत आलाय व्हय माझ्याकडं?"

शार्दूल हसला नाही. एरवी लोकांना हसवणं हा त्याचा धंदाच होता. 'जिभेचा न्याय' नावाचं त्याचं चॅनेल साताऱ्यापासून बारामतीपर्यंत घरोघर बघितलं जाई. मोठ्या चेनचे पिझ्झे आणि गावोगावचे पिझ्झे तो एकाच तराजूत तोलायचा. त्याने नऊ गुण दिले की दुकानापुढे रांग लागे, तीन दिले की लोक पाठ फिरवत. आपली जीभ कुणाच्या बापाला भीत नाही, हे वाक्य तर प्रत्येक व्हिडिओत ठरलेलं.

फलटणच्या बेकरीवाल्या इकबाल बागवानांना त्याने तीन दिले होते.

"इकबालभाईंचा पिझ्झा म्हणजे कोल्हापुरी चप्पल," तो व्हिडिओत म्हणाला होता. "घेताना नंबर बघून घ्या."

लोकांनी पोट धरून हसून घेतलं. मग कॉलेजची पोरं बेकरीच्या दारात येऊन "आठ नंबर आहे का हो?" असं ओरडून पळू लागली. हळूहळू गिऱ्हाईक आटलं. वडिलांनी बांधलेली विटांची भट्टी इकबालभाई आज कायमची विझवणार होते. शार्दूलला हे आईने सांगितलं, तेही जेवताना, भाजी वाढता वाढता. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"मी कुणाकडून पैसे घेत नाही, बुवा. ओळखपाळख बघत नाही. जिभेला जे लागलं तेच सांगितलं. तुम्ही एकदा म्हणा, की माझं चुकलं नाही."

बुवांनी पुढची शेंग घेतली.

"म्हणा ना…"

"त्या खोक्यात काय हाय?"

शार्दूलने घाईघाईने खोकं पुढे सरकवलं. "तुमच्यासाठीच आणलाय. मोठ्या चेनचा आहे. याला मी नऊ दिलेत."

बुवांनी झाकण उघडलं. एका बोटाने पिझ्झा दाबून बघितला. बोट रुतलं.

"कवा घेतलास?"

"सकाळी. बघा, अजून कसा मऊ आहे! म्हणून तर नऊ."

बुवांनी खोक्याचं झाकण लावलं. मग ते शेंगांची पाटी बाजूला सारून उठले.

"चल."

"कुठे?"

बुवा केव्हाच पायऱ्या उतरले होते.

इकबालभाईंच्या बेकरीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. बुवांना बघून इकबालभाई पिठाचे हात झटकत पुढे आले. मागे शार्दूल दिसला तसा त्यांचा चेहरा उतरला. तरीही ते म्हणाले, "या साहेब, बसा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शार्दूलला वाटलं. त्या 'साहेब'ने त्याची मान खाली गेली.

"इकबाल, भट्टी गरम हाय का?"

"हाय बुवा. आजच्यापुरती."

"एक लाव."

इकबालभाईंनी काही न विचारता पीठ थापलं, वर टोमॅटो पसरला, चीज घातलं आणि लाकडी फावड्याने पिझ्झा आत सारला. तेवढ्यात शार्दूलचे हात आपसूक कामाला लागले होते. त्याने स्टँड उभा केला, फोन अडकवला, बारका दिवा लावला. सवयच ती.

पिझ्झा बाहेर आला. कडेला काळे ठिपके, मध्ये चीज खदखदतंय.

"एक मिनिट!" शार्दूल ओरडला. "कुणी हात लावू…"

पुढचा शब्द तोंडातच राहिला. बुवांनी एक तुकडा फाडला होता आणि सरळ त्याच्या तोंडात कोंबला होता.

शार्दूलची जीभ भाजली. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. थुंकून टाकावं म्हणून तो वाकला, आणि तसाच थांबला. कड दाताखाली कुरकुरली. आत ती कापसासारखी मऊ होती. टोमॅटोची आंबटगोड चव उसळून आली, मागोमाग लाकडाच्या धुराचा वास, आणि चीज… तो चावत राहिला. अख्ख्या जन्मात असलं काही त्याच्या तोंडात गेलं नव्हतं.

त्याने घास गिळला.

"हा… हा वेगळा आहे."

इकबालभाईंनी फावडं भिंतीला टेकवलं.

"इकबालभाई, पीठ बदललंत तुम्ही?"

"न्हाय साहेब. तेच."

"चीज?"

"तेच."

"मग त्या दिवशी मला काय दिलं होतंत?" शार्दूलचा आवाज चढला.

"हेच की."

"खोटं! साफ खोटं!" त्याने स्टँडवरचा फोन ओढून काढला. "माझ्याकडे पुरावा आहे. हे बघा."

त्याने तो व्हिडिओ लावून बुवांपुढे धरला. इकबालभाई दुसरीकडे बघू लागले. त्यांनी तो पुष्कळदा बघितला होता.

व्हिडिओत पिझ्झा आला, त्यातून वाफा निघत होत्या. शार्दूलने तो वरून टिपला. मग बाजूने टिपला. मग ताट उचलून उजेडासाठी खिडकीशी नेलं. चीजची तार ओढली, ती मध्येच तुटली म्हणून दुसऱ्या तुकड्याची ओढली. तेवढ्यात कडेने पिठाने माखलेला एक हात आला आणि आवाज आला, "साहेब, आधी एक घास खावा ना…"

त्या आवाजावर शार्दूलने भोंगा वाजवला होता. मागून हशा जोडला होता. हे जोडताना घरी बसून तो स्वतःही खूप हसला होता.

आता बेकरीत तो भोंगा वाजला आणि शार्दूलच्या अंगावर काटा आला.

पडद्यावरचा शार्दूल पहिला घास घेत होता. पिझ्झ्यावर वाफेचा मागमूस नव्हता.

"मी…"

त्याच्या डोळ्यांपुढून बारामती गेली, वाई गेली, सातारा गेला. सगळीकडे तोच स्टँड, तोच दिवा, तीच चीजची तार. जो पिझ्झा कॅमेऱ्यासाठी थांबून राहिला त्याला नऊ. ज्याला थांबणं जमलं नाही त्याला तीन.

"बुवा… मी आजवर एकही पिझ्झा गरम खाल्लेला नाही."

हे तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला की इकबालभाईंना वाईट वाटलं. शार्दूल मटकन मैद्याच्या पोत्यावर बसला.

"काय करून बसलो मी हे…"

इकबालभाईंनी मुकाट्याने आणखी एक पिझ्झा भट्टीत सारला. आपला माल कुणाला तरी आवडला, हे त्यांनी फार दिवसांनी बघितलं होतं.

एकाएकी शार्दूल ताडकन उठला.

"मी निस्तरतो हे! आत्ताच्या आत्ता. सगळ्यांसमोर माफी मागतो. अख्खं गाव परत आणतो तुमच्या दारात, इकबालभाई!"

त्याने फोन पुन्हा स्टँडला अडकवला, दिवा लावला. इकबालभाईंनी नवा पिझ्झा भट्टीतून काढून त्याच्यापुढे ठेवला. वाफेने त्याचा चेहरा झाकला गेला.

"एक मिनिट हं…" त्याने ताट जरा डावीकडे सरकवलं. डोळे पुसायला रुमाल काढला, आणि मग, असू देत ओले, असं मनाशी म्हणून तो परत खिशात घातला. दिवा थोडा वर केला. मान तिरकी करून बघितली.

इकबालभाई बुवांच्या कानाशी वाकले.

"बुवा… मंग उद्या भट्टी पेटवू का?"

बुवांनी ताटाकडे बघितलं, वाफ विरळ होत चालली होती. मग शार्दूलकडे. तो उजेड शोधत होता.

"थांब जरा," बुवा म्हणाले. "अजून जेवलाय कुठं त्यो?"