हरणीला मारलेली हाक

कुत्र्याचं बोलणं माणसाला कळायचं, त्या काळातली ही गोष्ट. धुळाप्पा नावाच्या मेंढपाळाकडे हरणी नावाची कारवानी जातीची कुत्री होती. लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी. पण हाक मारली की दुरूनच बघत उभी राहायची.

एकदा वैतागून धुळाप्पाने तिला धरून आणलं आणि बांधून ठेवलं. हरणीने भाकरीला तोंडच लावलं नाही. तेव्हा त्याचा राग ओसरला.

"अगं, तुला हाक ऐकू येत नाही का?"

"येते की," हरणी म्हणाली. "पण जवळ आलं की गळ्यात दोरी पडते. मग पाय उचलत नाहीत, धनी."

धुळाप्पाने तिला सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिला उगीचच हाक मारी, आली की मान खाजवी आणि म्हणे, "जा, खेळ." आधी ती विचार करून यायची. पुढे पळत यायला लागली.

एके दिवशी ती सशामागे सुसाट सुटली. समोर गवताने झाकलेली पडकी विहीर होती. धुळाप्पाच्या काळजात धस्स झालं. तरी त्याने रोजच्याच मायेने साद घातली, "हरणी, ये गं!"

हरणी काठावरून वळली. ससा निसटला. ती धापा टाकत आली, तसं त्याने तिला घट्ट कवटाळलं.

"झालं, धनी? जाऊ मी?"

त्याला सोडवत नव्हतं. पण त्याने तिचं तोंड मोकळ्या माळाकडे वळवलं आणि हात काढून घेतले.

"जा," तो म्हणाला.