शेणटाकीतले तपस्वी

“मग ते जंतू जगतात कशावर?” भैरवगिरी महाराजांनी विचारलं.

मठामागे गोबरगॅसच्या कुंडात दोघं शेण कालवत होते. पुष्कर देवस्थळी कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवायचा. नोकरी सोडून दीक्षेसाठी आला होता. मठाचा रिवाज असा, की दीक्षेआधी गावात झोळी फिरवायची आणि मिळेल तेच खायचं. पुष्कर दारापर्यंत जाई आणि हात पसरायला लाजून मागे फिरे. दोन दिवस नुसत्या पाण्यावर होता. आज झोळी फिरली नाही तर घरची वाट धर, असं महाराजांनी सकाळीच बजावलं होतं.

“हायड्रोजनवर,” पुष्कर म्हणाला.

त्याला हुरूप आला. तो सांगत सुटला. टाकीत हवा नाही, उजेड नाही. हे जंतू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याचं व्हिनेगरमधलं आम्ल करतात. आधी पदरची ऊर्जा घालतात, शेवटी तेवढीच परत मिळते. जगायचं ते वाटेत जे चिमूटभर साठतं त्यावर.

“खरे तपस्वी, महाराज. कोणापुढे हात पसरत नाहीत.”

“हायड्रोजन कुठून येतो?”

“शेण कुजवणारे दुसरे जंतू सोडतात.”

“म्हणजे दुसऱ्याच्या दारचाच.”

पुष्कर कालवायचा थांबला...

“आणि तो कोणी घेतलाच नाही तर?”

“तर... साचतो. मग त्या दुसऱ्यांचंही काम अडतं. टाकीच बंद पडते.”

महाराज हात धुऊन कट्ट्यावर टेकले. पाणी मागितलं. पुष्करने हात धुऊन तांब्या भरून आणला आणि पुढे धरला.

महाराजांनी तांब्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

पुष्कर तसाच उभा राहिला. खाली ठेवावा तर अवमान, धरून राहावं तर उपाशी अंगात त्राण नाही. हात भरून आला. पाणी हिंदकळून पायावर सांडू लागलं.

महाराज डोंगराकडे बघत होते...

“घ्या ना, महाराज.”

इतक्या काकुळतीने तो जन्मात कोणाशी बोलला नव्हता.

महाराजांनी तांब्या घेतला, घटाघटा रिकामा केला. मग उठले, खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

“जा. खालच्या आळीत कोणीतरी भाकरी घेऊन ताटकळलं असेल.”